मटणाचा बोकड निवडताना त्याच्या लेकींचं दूध कसं बघायचं

आपल्याकडं आठवडी बाजारात बेण्याचा, म्हणजे पैदाशीचा, बोकड घेताना लोक काय बघतात? उंची बघतात, छाती बघतात, दोन्ही गोळ्या (वृषण) सारख्या खाली उतरल्यात का बघतात, रंग काळाभोर आहे का, कानावर पांढरे ठिपके आहेत का, अन् मग पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज घेतात. हे सगळं बरोबरच आहे, बघायलाच पाहिजे. पण एक गोष्ट कुणीच विचारत नाही, की याच्या आईला दूध किती होतं? विचारलं तर समोरचा म्हणतो, ‘आवो, बोकड घ्यायलाव का म्हैस?’ अन् इथंच आपल्या उस्मानाबादी शेळीचं लई नुकसान होतंय असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सगळं जरा निवांत बसून लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. उस्मानाबादी ही धाराशिव, लातूर, बीड, परभणी या आपल्या भागातली शेळी, अन् ती मुख्य मटणाची. दूध काढून डेअरीला घालायला कुणी उस्मानाबादी पाळत नाही, घरच्या चहापुरतं वाटीभर काढलं तर काढलं. मग तिचं बाकीचं दूध जातं कुठं? करडाच्या पोटात. म्हणजे शेळीचं दूध आपण विकत नाही असं वाटतं, पण खरं तर विकतोच, फक्त ते लिटरवर नाही तर करडाच्या किलोवर विकलं जातं. तीन महिन्यांचं करडू 9 किलोचं भरलं का 12 किलोचं, यातला मोठा हिस्सा आईच्या कासेतून आलेला असतो.

हाच हिशोब अमेरिकेतले मटणाच्या गायी पाळणारे लोक कित्येक वर्षं मांडतायत. त्यांच्याकडं अँगस, हेरफर्ड अशा जाती आहेत, त्या गायींची धार कुणी काढत नाही, सगळं दूध वासरूच पितं, साधारण सात महिन्यांनी वासरू आईपासून तोडतात अन् वजनावर विकतात. आपल्या राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, त्यामुळं त्या धंद्यात मला जायचं नाही, पण वळू निवडताना ते जो विचार करतात तो आपल्या बोकडाला जसाच्या तसा लागू पडतो म्हणून तो समजून घेऊ.

तिकडं वळूच्या नावापुढं आकड्यांची एक यादीच असते. त्या आकड्यांना ईपीडी म्हणतात, म्हणजे एक्स्पेक्टेड प्रोजेनी डिफरन्स, सोप्या भाषेत या वळूच्या लेकरांत दुसऱ्या वळूच्या लेकरांपेक्षा किती फरक पडेल याचा अंदाज. त्यात जन्माच्या वजनाचा एक आकडा असतो, दूध तोडतानाच्या वजनाचा एक असतो, अन् एक असतो मिल्क म्हणून. आता इथंच सगळे फसतात. समजा एका वळूचा मिल्कचा आकडा अधिक 30 आहे अन् दुसऱ्याचा अधिक 10, तर लोकांना वाटतं की पहिल्याच्या लेकी 20 पौंड दूध जास्त देणार. तसं नाही. तो आकडा दुधाचा नसून वासराच्या वजनाचा असतो. पहिल्या वळूच्या लेकींची जी वासरं होतील ती दूध तोडताना दुसऱ्या वळूच्या लेकींच्या वासरांपेक्षा सरासरी 20 पौंड, म्हणजे 9 किलोच्या आसपास जास्त भरतील, अन् तेही फक्त आईच्या दुधामुळं अन् तिच्या संगोपनामुळं, असा त्याचा अर्थ. दूध मोजलेलंच नसतं, वासराच्या वजनावरून ते ओळखलेलं असतं. अन् नुसत्या अधिक 30 ला काही अर्थ नाही बरं का, दुसरा वळू शेजारी ठेवल्याशिवाय तो आकडा बोलत नाही, अन् दुसरा वळूही त्याच जातीचा पाहिजे.

आता कुणी म्हणेल वळूला कुठं दूध असतंय? नसतंय. पण दुधाचे गुण त्याच्या रक्तात असतात, त्याला त्याच्या आईकडून अन् बापाच्या आईकडून आलेले, अन् त्यातले निम्मे तो प्रत्येक लेकीला देतो. ‘दूध आईवर जातं, बापाचा काय संबंध’ हे आपल्याकडं सर्रास बोलतात अन् ते निम्मंच खरं आहे, कारण लेकीला निम्मे गुण आईचे अन् निम्मे बापाचे. उलट कळपाचा विचार केला तर बापाचं पारडंच जड, कारण एक शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते अन् एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांवर चालतो. कळपातल्या एखाद्या पाटीचे, म्हणजे मादी करडाचे, निम्मे गुण तिच्या बापाचे, पाव तिच्या आईच्या बापाचे, अन् एक अष्टमांश आजीच्या बापाचे, म्हणजे लागोपाठचे फक्त तीन बोकड मिळून 87.5 टक्के कळप बनवतात. पाटी घरच्याच ठेवत गेलो तर सात-आठ वर्षांत शेळ्या त्याच दावणीच्या दिसतात खऱ्या, पण आतून त्या आपण आणलेल्या तीन बोकडांच्या झालेल्या असतात.

दूध तोडतानाच्या वजनाचे दोन हिस्से कसे पडतात ते नीट बघितलं पाहिजे, कारण सगळा विषय तिथंच आहे. करडाचं वजन वाढतं ते एक तर त्याच्या स्वतःच्या अंगातल्या वाढीच्या गुणांमुळं, जे आई-बाप दोघांकडून आलेत, अन् दुसरं म्हणजे आईच्या दुधामुळं. बोकड पहिल्या पिढीत म्हणजे स्वतःच्या करडांत फक्त वाढ देतो, कारण करडू दूध पितंय ते शेळीचं, तिथं या बोकडाचा काही हात नाही. पण दुसऱ्या पिढीत, म्हणजे त्याच्या लेकींच्या करडांत, तो वाढही देतो अन् दूधही. वाढ तिथं पोचेपर्यंत आणखी निम्मी झालेली असते, कारण लेक आपल्या करडाला बापाकडून आलेल्यातलं निम्मंच देते, दूध मात्र ती स्वतःच्या कासेत तयार करते म्हणून ते पूर्ण मोजायचं. म्हणून तिकडं लेकींकडून मिळणारा एकूण फायदा काढताना वाढीच्या आकड्याचा निम्मा अधिक मिल्कचा पूर्ण असं धरतात.

एक उदाहरण घेतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. एका वळूची वाढ अधिक 60, मिल्क अधिक 25. दुसऱ्याची वाढ अधिक 80, मिल्क अधिक 5. दुसऱ्याची स्वतःची वासरं 20 पौंडांनी जड भरणार, बाजारात त्याचंच नाव होणार. पण लेकी ठेवल्या तर? पहिल्याचे 30 अधिक 25 म्हणजे 55. दुसऱ्याचे 40 अधिक 5 म्हणजे 45. आता पहिलाच 10 पौंडांनी पुढं गेला. ज्या वळूची वासरं डोळ्यात भरत होती त्याच्याच लेकी मागं पडल्या. आपल्या गावात असं घडलेलं तुम्हाला नक्की आठवेल, की अमक्याचा बोकड लई धिप्पाड होता, त्याची करडं चांगल्या भावानं गेली, अन् त्याच्या पाटी ठेवल्यावर दोन-तीन वर्षांनी मात्र करडं खुरटी निघायला लागली अन् सगळे म्हणाले रोग आला. काही वेळा रोग असेलही, पण कासेत दूध आहे का ते कुणी बघितलेलं नसतं.

यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वेळ. बोकड सव्वा वर्षाचा झाला अन् शेळीवर घातला, शेळी पाच महिन्यांनी व्याली, ती पाट मोठी होऊन गाभण जाऊन पहिल्यांदा व्यायला साधारण दीड वर्ष, अन् तिच्या करडाचं तीन महिन्यांचं वजन. बेरीज करा, बोकड जवळपास साडेतीन वर्षांचा होतो तेव्हा कुठं कळतं की याच्या लेकींना दूध आहे का नाही. तोवर आपण त्याला बकरी ईदला विकूनही टाकलेला असतो. वळूच्या बाबतीत रेतमात्रा, म्हणजे वीर्याचे डोस, द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला ठेवता येतात, वळू मेला तरी लेकींचा निकाल आल्यावर वापरता येतात. आपल्याला बोकड निवडायचा आहे तो निकाल यायच्या आधीच, म्हणून मग मागच्या पिढीकडं बघावं लागतं.

मागची पिढी म्हणजे आई, आजी, अन् याच्या बापाच्या बाकीच्या लेकी. आईकडं निम्मे गुण आहेत म्हणून आई सगळ्यात महत्त्वाची. पण एका वेतावर, म्हणजे एका वेळच्या व्यायण्यावर, जाऊ नका. मटणाच्या गायींमध्ये वासराच्या वजनावरून दुधाचा जो फरक दिसतो त्यातला साधारण 10 ते 20 टक्केच रक्ताचा असतो, बाकीचा खाणं, वय, आजार, हवामान यांचा. एखादी शेळी एका वर्षी तुरीच्या शेंगा खाऊन दुधाळ दिसली म्हणजे ती दुधाळ जातीची होत नाही. तीन वेतं सारखी चांगली गेली असतील, तिच्या बहिणीही चांगल्या असतील, तर मग विश्वास ठेवायला हरकत नाही. बापाच्या दुसऱ्या लेकी याच्या सावत्र बहिणी, त्यांच्यात अन् याच्यात पावच गुण सामायिक असतात, पण त्या पाच-सात बघायला मिळाल्या तर मिळून चांगला अंदाज देतात.

म्हणून माझं म्हणणं, बेण्याचा बोकड बाजारातून घेऊच नका, दारात जाऊन घ्या. अन् दारात गेल्यावर मालकाशी बोलून झालं की घरातल्या बाईशी बोला. शेळ्या बायकांच्याच हातात असतात आपल्याकडं. मालक सांगेल उंची अन् किंमत. मावशीला विचारा की मावशी, याची आई कोणची, तिला किती वेतं झाली, जुळी किती येळा दिली, करडं मरतेत का तिची, चहाला दूध निघतं का करडं पिऊन झाल्यावर? ती लगेच सांगते, ‘ही न्हाई, ती कानपांढरी, तिला लई पान्हा, दोन पाजून बी कास रिकामी हुईना.’ एवढं ऐकलं की ती शेळी समोर आणायला सांगा. कास बघा, दोन्ही भाग सारखे आहेत का, करडं पिऊन झाल्यावर ती कापडासारखी मऊ पडते का तशीच कडक गोळा राहते, कारण पिऊन झाल्यावरही कडक राहणारी कास म्हणजे दूध नाही, मांस आहे नाहीतर कासदाह होऊन गेलाय. सड बाटलीसारखे जाड असतील तर जन्मलेल्या करडाच्या तोंडात ते जात नाहीत, पहिला चीक चुकतो अन् करडू दोन दिवसांत मान टाकतं, कासेत दूध भरपूर असूनही. अन् बोकडाचे स्वतःचे सडही बघा, हो, बोकडाला छोटे सड असतात गोळ्यांच्या पुढं. ते दोनच पाहिजेत, एकमेकांपासून सुटे पाहिजेत. जोडसड किंवा जास्तीचे सड असतील तर तो दोष लेकींत उतरू शकतो, असा बोकड बेण्याला घेऊ नये.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मला तिचं लई वाईट वाटतं. कळपात तीन महिन्यांनी सगळ्यात टोलेजंग बोकड कोणता दिसतो? एकटा जन्मलेला. आईच्या पोटात एकटा, कासेलाही एकटा, दोन्ही सड त्याचेच. समजा तो 13 किलो झाला. शेजारची जुळी 9 अन् 9 किलोची. सगळे म्हणतात 13 वाला ठेवा बेण्याला, जुळ्यातले खच्ची करून विका. पण हिशोब बघा, एका आईनं 13 किलो वाढवलं अन् दुसरीनं 18. दूध कुणाला जास्त? दुसरीला. जुळं देण्याचा गुण कुणाच्या घरात? दुसरीच्या. म्हणजे आपण दरवर्षी डोळ्याला मोठा दिसणारा निवडून, उस्मानाबादीचा जो सगळ्यात मोठा गुण आहे, जुळी देणं अन् जुळी जगवणं, तोच हळूहळू पुसत चाललोय. हे थांबवायचं तर एकट्याची तुलना एकट्याशी करा अन् जुळ्यातल्याची जुळ्यातल्याशी. पाटीची पाटीशी, बोकडाची बोकडाशी, कारण नर करडू जात्याच जड असतं. पहिल्या वेताच्या आईचं करडू हलकं भरणारच, तिला चौथ्या वेताच्या शेळीशी भिडवू नका. अन् एकाच महिन्यात जन्मलेली बघा, श्रावणातलं करडू अन् चैत्रातलं करडू यांची बरोबरी होऊच शकत नाही.

दूध खरंच मोजायचं असेल तर एक साधी पद्धत आहे, संशोधनातही हीच वापरतात. संध्याकाळी करडांना पोटभर पिऊ द्या म्हणजे कास रिकामी होते, मग करडं वेगळी डालग्याखाली झाका. बारा तासांनी सकाळी डिजिटल लटकत्या काट्यावर करडाचं वजन घ्या, पिशवीत पाय बाहेर काढून लटकवलं की गप राहतं. समजा 6 किलो 200 ग्रॅम. मग सोडा आईला, ते शेपूट हलवत कासेला ढुशा देत पितं, तोंड सोडलं की लगेच पुन्हा काट्यावर, 6 किलो 480. म्हणजे 280 ग्रॅम दूध. मध्ये लेंडी टाकली किंवा मुतलं तर ते माप गेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. जुळी असतील तर दोघांची बेरीज, अन् दिवसाचं म्हणून दुप्पट. हे व्याल्यावर तीन-चार आठवड्यांनी करा, तेव्हा दूध जोरात असतं अन् करडू चाऱ्यावर फार गेलेलं नसतं. नंतर करडू पाला खायला लागलं की वजनावरून दूध ओळखणं अवघड होत जातं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल की मग सगळ्यात दुधाळ घरचाच बोकड आणू, बीटल आणू, जमनापारी आणू. थांबा. दूध फुकट येत नाही. मटणाच्या गायींवर झालेल्या कामात दिसलंय की दुधाळ रक्ताच्या गायीला ती आटलेली असतानासुद्धा अंग राखायला जास्त खाणं लागतं, वीस टक्क्यांच्या आसपास जास्त, कारण तिचं काळीज, आतडी हे सगळं कामाचं यंत्रच मोठं असतं. कोरड्या कुरणाच्या भागात अशा गायी स्वतःचं अंग झिजवून वासरू वाढवतात अन् मग वेळेवर माजावर येत नाहीत, म्हणून तिथले जाणते लोक मिल्कचा सगळ्यात मोठा आकडा मुद्दाम टाळतात अन् मधला घेतात. आपण सोयाबीनचं वाण घेताना जमीन अन् पाणी बघून घेतो, नुसता पिशवीवरचा उतारा बघून नाही, तसंच आहे हे.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये माळावर काय असतं? बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, अन् घरी असलं तर हरभऱ्याचं भुसकट नाहीतर सोयाबीनची गुळी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, तिथं शेळीला हिरवा चारा कुठून आणणार. अशा वर्षी जास्त दुधाची शेळी दूध देतेच, ती थांबत नाही, पाठीची हाडं वर येतात तरी करडाला पाजते, अन् मग पुढं तीन-चार महिने माजावरच येत नाही. दोन वर्षांत तीन वेतं घ्यायची म्हणतो आपण, ती दोनवर येतात. एका वेताची दोन करडं गेली. जास्त दुधानं प्रत्येक करडामागं मिळालेले एक-दोन किलो त्यापुढं काहीच नाहीत.

म्हणून आधी स्वतःला विचारा की तुमच्याकडं बारमाही चारा आहे का? विहिरीला पाणी आहे, बांधावर शेवरी-सुबाभूळ आहे, महिन्याला थोडा भरडा चालतो, तर जास्त दुधाच्या घरचा बोकड खुशाल आणा. नुसत्या माळावर चरणाऱ्या शेळ्या असतील तर मध्यम दुधाची, पण दरवेळी जुळी जगवणारी अन् वेळेवर पुन्हा गाभण जाणारी आई शोधा. माझ्या मते आपल्या बहुतेक गावांसाठी हीच दुसरी आई बरोबर आहे.

अन् दूध बघायचंच कशाला, हाही प्रश्न काही जणांचा बरोबर असतो. तुम्ही सगळी करडं विकून टाकता, पाटी घरी ठेवतच नाही, शेळ्या बाहेरूनच आणता, तर बोकडाच्या दुधाच्या रक्ताचा तुम्हाला एका रुपयाचा उपयोग नाही, कारण त्याच्या लेकी तुमच्याकडं व्यायच्याच नाहीत. तिथं वाढ बघा, साउथ आफ्रिकेच्या बोअर या मटणाच्या जातीचा बोकड घाला, जड करडं विका. पण मग त्या बोअरच्या पाटी डोळ्यात भरल्या म्हणून चार ठेवून घेऊ असं करू नका, तिथंच गडबड सुरू होते. ज्यांना दोन्ही पाहिजे त्यांनी दोन बोकड ठेवायचे, किंवा दोघा-तिघांनी मिळून ठेवायचे. कळपातल्या चांगल्या पाजणाऱ्या शेळ्यांवर दुधाच्या घरचा उस्मानाबादी घालायचा अन् पाटी फक्त त्यांच्याच ठेवायच्या, बाकीच्या शेळ्यांवर वाढीचा बोकड, त्यांची सगळी करडं बाजारात.

दोघा-तिघांनी मिळून ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की बोकड दोन वर्षांनी बदलावाच लागतो, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर चालतो अन् करडं कमजोर निघतात. बदलला म्हणजे विकलाच पाहिजे असं नाही. तुमचा बोकड शेजारच्या गावातल्या पाहुण्याकडं द्या, त्याचा तुम्ही आणा. बोकड तिकडं कामावर राहतो, इकडं त्याच्या लेकी व्यायला लागतात, अन् दीड-दोन वर्षांत त्यांच्या करडांची वजनं तुमच्या वहीत उतरतात. लेकी चांगल्या निघाल्या तर पाहुण्याला फोन करून सांगायचं की तो बोकड विकू नको, त्याच्या पोटचा एक नर मला ठेव, जुळ्यातला, अन् ज्याची आई दोन्ही करडं जगवती तिचाच.